रुमालाखालचा हात

अकोला, सोम. ता. ५ डिसें. १८६४
बाजारात आजही गणपतचा पत्ता नाही. आमचा रिवाज असा की आधी त्याने चिपळ्या घेऊन भजन म्हणायचं, माणसं जमली की मी उपदेश करायचा. आज दोन्ही मीच केलं. एक म्हातारी थांबली, तीही "गानारा कुठं हाय?" एवढंच विचारायला. माझ्या अहमदनगरकडच्या बोलण्याला इथे तसंही हसतात. प्रभूचं वचन ऐकायला येतात की गणपतला, हे एकदा नीट पाहायला हवं.

बुध. ता. ७
त्याच्या घरी गेलो. सारजा, त्याची बायको, कांद्याला पाणी देत होती. माळ्याचं घराणं, धर्म बदलला तरी वाफे तेच. म्हणाली, "मले सांगून जाते का तो? तुमी पुसा त्यालेच."
दारू असेल? मागे दोनदा मुद्दाम जवळ उभा राहिलो होतो. सुपारीचा वास, दुसरं काही नाही. मग जातो कुठे?

गुरु. ता. ८
मिशनचे साहेब अमरावतीहून आले, संध्याकाळी परत निघाले. गणपतबद्दल विचारलं. खरं ते सांगितलं. म्हणाले, "नाताळाला मी येईन तेव्हा सांग. तू त्याच्या वागणुकीला जामीन राहत असशील तर ठेवू. नाहीतर त्याला कायमची रजा दे." १८ तारखेच्या रविवारी तिकडच्या उपासनेत गायला त्याला पाठव, असंही म्हणाले. म्हणजे रजा द्यायची आणि गाणंही हवं.
गणपत गेला तर अकोल्यात माझं कोण ऐकणार? पण जामीन राहायचं ते कशाच्या भरवशावर?

शनि. ता. १०
सापडला. कापसाच्या बाजारात. अमेरिकेतली लढाई सुरू झाल्यापासून कापसाचे भाव चढलेत, तिथे गाड्यांची रीघ आहे, त्या गर्दीत आमचा गवई. अडत्या बसलेला, समोर शेतकरी, मध्ये गणपत. अडत्याने रुमाल पसरला, खाली त्याचा हात आणि गणपतचा. तोंडाने कोणीच बोलत नाही. बोटं दाबून भाव सांगायचा, बोटं दाबूनच उत्तर द्यायचं, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. रुमाल उचलला की सौदा पक्का.
एका पाटलाला विचारलं, तुमच्या वतीने हा कसा? तेल्हाऱ्याचे किसन पाटील. म्हणाले, "किरिस्तावाचा हात हाय, मास्तर. लबाडी नाई करत."
माझ्याकडे नागा करणारा, यांच्याकडे सर्वांत भरवशाचा. राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर त्या रुमालाखाली काय चालतं तेच पाहावंसं वाटत राहिलं.

रवि. ता. ११
उपासनेनंतर त्याला धरलं. दलाली घेतोस का? "नाई." मग जातोस कावून? (त्याच्याशी बोलताना माझ्याही तोंडी त्यांचेच शब्द येतात.)
"थे मले बोलावतात, मास्तर. तुमी हजेरी घेता."
हे मनाला लागलं. विषय बदलून बोटांच्या खुणा विचारल्या. हसला, पण शिकवल्या. एक बोट धरलं तर एक, सगळा पंजा तर पाच. पुढचं डोक्यात राहिलं नाही.

मंगळ. ता. १३
गणपत अमरावतीला गेला. कुरकुर न करता. "पाटलाची गाडी येनार होती" एवढं बोलला. मी म्हटलं, आधी सेवा.

शुक्र. ता. १६
लिहायची लाज वाटते.
सकाळी किसन पाटील गाडी घेऊन आले. गणपत नाही कळल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमीबी किरिस्तावच ना? चाला, द्या हात."
नाही म्हणायला हवं होतं. पण इतके दिवस ज्याचं कुतूहल ते आयतं चालून आलेलं. गेलो. रुमालाखाली अडत्याचा हात गरम, घामट. त्याने माझी बोटं धरली, सोडली, परत धरली. मला काहीच उमगेना. हात ओढून घेणं उद्धटपणाचं वाटलं, म्हणून मीही जरा दाबलं. रुमाल उचलला.
भाव बाजारापेक्षा फार कमी ठरला होता; पाटलांनी तो ऐकला आणि खालीच बसले. मग माझ्याकडे न पाहता गाडीकडे गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बुध. ता. २१
गणपत आला. ऐकून घेतलं, पाणी प्यायला, अडत्याकडे गेला. मी मागे.
"ह्या मास्तरले बोटं समजत नाईत. रुमाल पुन्हा टाका."
"उचलला रुमाल पुन्हा टाकत नाई आपन."
"मायासाठी टाका. एक डाव."
अडत्याने गणपतकडे पाहिलं, रुमाल झटकला. मग टाकला. पाटलांना रीतसर भाव मिळाला. मला मनापासून हायसं वाटलं. तेवढ्यात अडत्या म्हणाला, "पाटलाचं झालं. पन आता किरिस्तावाचा हात ह्या रुमालाखाली नको. तुयाबी नको."
गणपत बरं म्हणाला. वाटेत चिपळ्यांची दोरी सैल झाल्याबद्दल बोलत होता.

शुक्र. ता. २३
गणपत काल वेळेवर, आज माझ्याआधी. प्रार्थनेला पुढे बसला. छान गायला. दोन आठवड्यांपूर्वी यासाठीच मी प्रार्थना करत होतो. आज त्याच्याकडे बघवत नव्हतं.

शनि. ता. २४
साहेब आले. गणपत झाडून काढताना दिसला तेव्हा खूश झाले. "सुधारला. कसं केलंस?" मी म्हटलं, उद्या सांगतो. "आणि जामीन?" तेही उद्या.
मग गणपतकडे गेलो. तुला इथे यावंसं वाटतं म्हणून येतोस, की तिकडे दार बंद झालं म्हणून? म्हणाला, "मलेबी समजून नाई राहिलं." केरसुणी चालूच.
म्हटलं, साहेब मला विचारतात तुझा जामीन राहशील का. मी तुला विचारतो, तू माझा राहशील?
थांबला. माझ्या हाताकडे पाहिलं, तोंडाकडे नाही.
"पायतो," म्हणाला.