लॉक केलेला आठवडा

साहेब, आज सकाळी मी मशीनवरच्या एका माणसाला रजा नाकारली आणि तेव्हापासून तुमची आठवण येत राहिली. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. खडोलीच्या आपल्या कारखान्यात आता तुमच्या जागी मी बसतो. खुर्ची बदलली आहे. खिडकी तीच आहे आणि वितळलेल्या प्लास्टिकचा वासही तोच.

मी नंदुरबारहून आलो तेव्हा तुम्ही लाकडी फळ्यावर खिळ्यांना चिठ्ठ्या अडकवून काम लावायचात. फिकट रंगाच्या बाटल्या आधी, गडद नंतर, कारण काळ्यानंतर पांढऱ्या घेतल्या तर मशीन साफ करण्यातच अख्खी पाळी जाते. मग कॉम्प्युटर आला. कोणती ऑर्डर कधी चालवायची ते आता तोच ठरवेल, कुणी हात लावायचा नाही, असं मुंबई ऑफिसने कळवलं. रोज सकाळी नवा तक्ता छापून यायचा आणि कालचा रद्द व्हायचा. तुम्ही एकच मागणं धरून बसलात. पुढचं सगळं कॉम्प्युटरने सुचवावं, पण हातातला आठवडा प्लॅनरने, म्हणजे काम लावणाऱ्या माणसाने, लॉक करावा आणि एकदा लॉक केला की कॉम्प्युटरला तो हलवता येऊ नये.

ते मान्य झालं श्रावणातल्या त्या गोंधळानंतर. कानबाई ही आम्हा खानदेशातल्या माणसांची घरची देवी. ती बसते तेव्हा सगळे भाऊबंद गावी जमतात. कॉम्प्युटरने नेमक्या त्याच आठवड्यात तिन्ही मशीन भरून टाकली. माणसं गेली, मशीन उभी राहिली, माल अडला. मुंबईच्या साहेबांनी फोनवर तुम्हाला झापलं आणि ही कानबाई कोण, तिला रजा कुणी दिली, असं विचारलं. तिला रजा लागत नाही, तिच्यासाठी लागते, एवढंच तुम्ही शांतपणे सांगितलंत.

पुढच्या श्रावणात लॉक तुमच्या हाती होतं, म्हणून मी निर्धास्त होतो. तुम्ही दोन मशीन बंद ठेवून माणसांना सोडलंत. पण तापाची साथ होती, सरकारी दवाखान्यांना सलाईनच्या बाटल्या तातडीने हव्या होत्या, म्हणून एक मशीन चालू राहिलं. थांबणाऱ्यांत मी होतो, कारण कॉम्प्युटरवर बसणारा मी एकटाच. भरलेली बॅग घेऊन मी तुमच्या टेबलासमोर उभा आहे. सांगतो आहे की कानबाईच्या नैवेद्याच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात आणि तो रोट घरच्यांनीच खाऊन संपवायचा असतो. आई माझ्या नावाची मूठ घेईल आणि खायला मी नसेन. तुम्ही सगळं ऐकून घेता. नजर माझ्यावरून हलवत नाही.

"तुझी अडचण खरी आहे," तुम्ही म्हणालात. "तरी तू थांबायचंस. हे मी ठरवलंय. कॉम्प्युटरने थांबवलं असतं तर त्याला शिव्या दिल्या असत्यास. आता मला दे."

त्या मी मनात पुष्कळ दिवस दिल्या. गावी कानबाई बसली त्या रविवारी संध्याकाळी तुम्ही मला आमलीच्या तुमच्या खोलीवर जेवायला बोलावलंत. घरची मंडळी कोकणात, त्यामुळे स्वयंपाक तुम्हीच करायचात. ताट पुढे सरकवत म्हणालात, "रोट नाही. कुळथाचं पिठलं आहे." माफी मागितली नाहीत, समजावलंही नाहीत. मी निघताना विचारलंत, माझ्या वाटणीचा रोट कोण खाईल. मी म्हटलं, धाकटा भाऊ. तुम्ही मान हलवलीत आणि ताटं उचललीत.

आता लॉक माझ्याकडे आहे. विक्रीवाले येतात, मालक फोन करतात, प्रत्येकाला फक्त त्याची एक ऑर्डर पुढे घ्यायची असते. तुम्ही भांडून मिळवलेली ही गोष्ट इतकी थकवेल असं तेव्हा वाटलं नव्हतं. हे मी कालच्या रद्द तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहितो आहे. उद्या तो रद्दीत जाईल, हेही त्याच्याबरोबर जाईल.

सकाळचा माणूस आमच्याच भागातला, कानबाईसाठी रजा मागत होता. म्हणाला, "साहेब, माय वाट दखी राह्यनी." त्याच्याशिवाय ते मशीन चालवणारं दुसरं कुणी नव्हतं आणि त्यावरचा माल परवा बोटीवर चढायचा आहे. आठवडा मीच लॉक केला होता आणि तो न उघडणं बरोबर होतं, असं मला अजूनही वाटतं. पण मी त्याच्याकडे पाहिलं नाही. स्क्रीनकडे बघत म्हणालो, मी काय करू, कॉम्प्युटरने तसंच दिलंय. त्याने कॉम्प्युटरला एक शिवी हासडली आणि मग माझीच समजूत काढली. म्हणाला, जाऊ द्या साहेब, तुमच्या तरी हातात काय आहे.