डाव्या दाराचा पोचा

वहिनी,

रंग आणायला चाललोय, यायला उशीर होईल. पण आधी सांग, हा काय प्रकार आहे?

गाडीच्या डाव्या दाराचा पोचा मी पुट्टीने भरला. सकाळी बघतो तर उकरलेला! वाटलं, माझंच मिश्रण चुकलं. पुन्हा भरला, पुन्हा तेच. आणि आज स्क्रूड्रायव्हर सापडला तुझ्या चमच्यांच्या खणात, टोकाला पुट्टी. माझं तर डोकंच चालेना. दादाच्या माघारी त्याची ही जुनी स्पोर्ट्स कार नव्यासारखी करायची, हा हट्ट तुझाच ना? मग पुट्टीशी कसलं वैर?

तणतणत दार आपटलं, तर लागेना. हात बरबटलेले, म्हणून गुडघ्याने रेटलं. लगेच लागलं. गुडघा बरोबर त्या पोच्यात बसला होता.

दादा रोज असंच लावायचा, नाही का? मी कितीदा बघितलंय, आणि तरी डोक्यात आलं नाही.

रंग लालच आणतो. पोच्यावरूनच मारू, कुणी हसलं तर हसू दे. बिजागरी बदलणार होतो, तीही राहू दे.

स्क्रूड्रायव्हर धुऊन परत तुझ्या खणात ठेवलाय.