कोपराखालचा पट्टा

ता. ४ जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
खोकं पोचलं का? आतला पट्टा कोपराखाली बांधायचा आणि बोटाच्या पेराएवढी खुंटी आहे ती कॉम्प्युटरला लावायची. मध्ये वायर नाही. माझ्यासारखाच, कुठं बांधलेला नाही. आजारपणानंतर तुझी बोटं हलत नाहीत, पण तू नुसती मूठ वळायचं मनात आणलंस तरी हाताचे स्नायू बारीकसा विजेचा इशारा देतात. पट्टा तो पकडतो आणि माऊसचं काम करतो. मीच बनवलाय, रोज स्वतःच्या हातावर बांधून पाहिलाय. नाक खाजवलं तरी स्क्रीनवरचा बाण नाचायचा! मी सध्या ज्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात आहे, तिथल्या मालकांचं मांजर... जाऊ दे, ते पुढच्या पत्रात. तू पुन्हा घरांचे नकाशे काढायला लाग. भाऊजींना नमस्कार.
तुझा,
भटक्या

ता. १५ जून
चि. भटक्यास,
अनेक आशीर्वाद.
अक्षर तुझ्या भाऊजींचं, बोलणं माझं. बाण ढिम्म हलत नाही रे. मूठ वळायचा विचार करून करून डोकं दुखलं. ऑफिसनं माझी जागा महिनाअखेरपर्यंतच धरून ठेवलीय. स्नायूच गेले असतील माझे. पट्टा कपाटात ठेवलाय. वाईट वाटून घेऊ नकोस, नि वेळेवर जेवत जा.
तुझी,
ताई
(पट्टा कपाटात गेल्यापासून ती कॉम्प्युटरच्या खोलीत फिरकत नाही. हे तिला न सांगता लिहितोय. – भाऊजी)

ता. १९ जून
ती. ताईस,
सा. न.
कपाट उघड. गाढव मी आहे. पट्टा माझ्या हातावर जुळवला आणि तसाच पाठवून दिला. पेट्या उचलणारा हात माझा, त्याचा इशारा म्हणजे नुसता आरडाओरडा. तुझा हात वर्षभर पडून आहे, तो कुजबुजतोय. आणि मी यंत्राला सांगून बसलोय की एवढ्याशा कुजबुजीकडे लक्षच देऊ नकोस! तुझा हात समोर असल्याशिवाय ते जुळायचं नाही. रविवारच्या बसनं येतो. काम होईपर्यंत हलणार नाही. भाऊजी हसतील, हसू देत.
तुझा,
भटक्या

ता. ३ जुलै
चि. भटक्यास,
अनेक आशीर्वाद.
हे माझं मीच टाईप करतेय, तू जुळवून दिलेल्या पट्ट्यानं, स्क्रीनवरच्या एकेका अक्षरावर बाण नेऊन. एका ओळीला पाव तास लागतो. तुझे मोजे सोफ्याखाली सापडले, धुऊन ठेवलेत.
महिनाअखेरीला नकाशा दिला. साहेबांनी तपासला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, जिना चुकलाय, इतकी वर्षं काम करून हे शोभतं का तुम्हाला? आजारपणापासून जो तो माझ्याशी जपून, गोड गोड बोलत होता रे. वर्षभरानं कुणीतरी मला रागावलं.
आता जिना दुरुस्त करायला बसायचंय, म्हणून इथंच थांबते. लोभ आहेच, तो पत्रातून कळत राहू दे.
तुझी,
ताई