वळचणीची करवंटी

उस्मानाबाद, ता. ५ डिसेंबर १९४३

ती. शांताक्कांस,
धाकट्या सिद्धेश्वरचा प्रभूमध्ये सप्रेम सलाम. वि. वि.

बेंबळीच्या बाजारात माझा उपदेश तुम्ही कोपऱ्यात उभं राहून ऐकलात, ते मी पाहिलं बरं. पितळेचा पेला हातात धरून मी सांगितलं, की बाहेरून चिंचेनं कितीही घासा, आतली कल्हई उडाली की ताक कळकणारच. श्रद्धाही तशीच आतून लावावी लागते, आणि वापरानं उडते म्हणून पुन्हा पुन्हा लावावी लागते. मांगवाड्यातला दोर वळणारा बब्रुवान तेवढ्यावर बाप्तिस्मा मागायला आला. नाताळच्या सकाळी तो मी देणार आहे. त्याच्यासोबत तुम्हीही या. मी ख्रिस्ती झालो म्हणून आपल्या लिंगायत भाऊबंदांनी मला टाकलं, एक तुम्हीच उरलात. ईस्टरला तुमचाही बाप्तिस्मा माझ्या हातून झाला तर मला आणखी काही नको. तुमची भावजय महानंदा खास आमटी शिकते आहे, तेव्हा जपून या.

आहे तो लोभ वाढवावा.
सिद्धेश्वर

बेंबळी, ता. २९ डिसेंबर १९४३

चि. सिद्धेश्वरास,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

न सांगता निघाले म्हणून रागावला असशील. अक्षर तूच शिकवलंस, वाकडं आलं तर दोष तुझा.

सकाळी तू बब्रुवानच्या डोक्यावर पाणी घातलंस, त्याला भाऊ म्हणालास. मला रडू आलं. ईस्टरचं मी मनात पक्कं केलं. मग तुझ्या ओसरीवर चहा आला. सगळ्यांना पितळी पेले. बब्रुवानला महानंदानं वळचणीतून करवंटी काढून दिली आणि वरून चहा ओतला. तू पाहिलंस आणि पुस्तक चाळायला लागलास. तो चहा प्यायला, करवंटी विसळली, परत वळचणीत खोचली. जागा त्याला दाखवावी लागली नाही.

वाटेनं तो एवढंच म्हणाला, "सवय हाय मला, अक्का. पर हितं बी करवंटी लागंल असं वाटलं न्हवतं."

मला तुझी लाज वाटली.

तुझी,
शांताक्का

उस्मानाबाद, ता. १० जानेवारी १९४४

ती. अक्कांस,
सप्रेम सलाम. वि. वि.

महानंदाला माहेरचं वळण आहे. शिवाय दोन मोठी शेतकरी घरं नुकती प्रार्थनेला येऊ लागली आहेत, एका पेल्यावरून ती तुटतील. हळूहळू सगळं होईल. बब्रुवानची स्वतःची काही तक्रार नाही. तुम्ही ईस्टर मोडू नका, एवढी विनवणी आहे.

दोष पोटात घालावा.
सिद्धेश्वर

बेंबळी, ता. ३० जानेवारी १९४४

चि. सिद्धेश्वरास,
आशीर्वाद. वि. वि.

बब्रुवानची तक्रार नाही, हे वाचलं आणि तशीच उठून मांगवाड्यात गेले. त्याच्या दारात पाणी मागितलं. त्याची बायको घाबरली, देईना. मी हटले नाही. शेवटी तिनं करवंटीत दिलं, कारण घरात दुसरं धड भांडं नव्हतं. मी तिथंच बसून प्याले.

संध्याकाळी शिवप्पाकाकांनी भाऊबंदांची बैठक बसवली आणि मला विहीर बंद केली. तुला टाकलं तेव्हा मी रडले होते. या वेळी रडायलाही कुणी नव्हतं. आता पाणी बब्रुवानची बायकोच आणून देते.

गळ्यातलं लिंग मी काढलेलं नाही. ईस्टरला येणार नाही. तुझ्या पेल्यांची कल्हई मी नीट पाहिली होती, अगदी नवी होती.

लोभ आहे, तो काही तुटत नाही. कधी इकडं आलास तर पाणी मिळेल. भांडं सगळ्यांना एकच आहे.

तुझी,
शांताक्का