पिकअपची दुसरी गाळणी

तीर्थस्वरूप गोपालदादाले धाकट्या बहिणीचा, म्हणजे बेबीचा, पायावर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं ठेवलं म्हणजे राग गेला असं समजू नको. नमस्कार नमस्काराच्या जागी, राग रागाच्या जागी.) इकडं आमचं सगळं बरं हाये. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं हे ऐकून जीव भांड्यात पडला. आता काळा चष्मा लावून बाजेवर बसला असशील. महिनाभर मोबाईलकडं पाहायचं नाही असं डॉक्टरनं सांगितलं म्हणे. त्या डॉक्टरचे आपल्या साऱ्या खानदानावर उपकार हायेत. वहिनीच्या गुडघ्याले तेल लावणं चालू ठेवा. तिले सांग का भाऊबीजेचं राणी रंगाचं लुगडं पेटीत पडून नाही, रोजच्या वापरात हाये. आता तू म्हणशील, बयाड झाली का ही, फोन असून पत्र कायले लिहून राह्यली? तर फोनवर तू बोलू देत नाही म्हणून. मी एक गोष्ट सांगितली का तू तीन सल्ले देतो. पत्रात तुले मधी तोंड घालता येत नाही.

तर गाडीची कहाणी. माझी पिकअप आमचे हे, म्हणजे बबनराव, वरातीतल्या घोड्यावर बसल्यासारखे चालवतात, म्हणून स्टेरिंग माझ्याच हाती असते हे तुले माहीत हाये. दर बाजाराले गावातल्या नऊ बाया अन् त्यांचे वांगे, पालक, सांभाराच्या जुड्या घेऊन मी केळापूरवरून पांढरकवड्याले जाते. त्या बायांची म्होरकी हंसाबाई. (वहिनीची सख्खी मावशी. तुले सांगायची गरज नाही, पण राग आला का मी सगळंच सांगते.) दिवाळीपासून हायवेच्या पुलाचा चढ लागला का गाडी दोन आचके द्यायची अन् बंद पडायची. एकदा नाही, तीनदा! तीनही वेळा आमच्याच गावचा तो पियुष आपली नवी कोरी पिकअप घेऊन बाजूनं आला, हळू झाला अन् "ताई, टोचन लावून ओढू का?" असं विचारून दात काढत निघून गेला. मदत करायची तर उतर ना, बाबा. दात तर तुझ्या आजोबालेही होते. तिसऱ्या खेपेले सांभार पार माना टाकून बसला. हंसाबाई खाली उतरली अन् म्हणे, "बेबी, आणखी एकदा बंद पडली का आम्ही पियुषच्या गाडीत." दादा, या नऊ बाया गेल्या तर माझ्या पिकअपचं काय राह्यते? कोंबड्या बसवायचं खुराडं. तेवढ्यासाठी मी लायसन काढलं नव्हतं.

मग जो तो डॉक्टर झाला. बबनराव पाठीमागं हात बांधून बोनेटमधी पाहून राह्यले अर्धा तास, अन् म्हणे, "इंजिन गरम झालं." हा माणूस मोटारपंपाले हेच म्हणते, टीव्हीले हेच म्हणते अन् मलेही हेच म्हणते. तू फोनवरून म्हटलं का पंपावरचं डिझेल खराब असते, टाकी अन् इंजिनाच्या मधात एक जादा फिल्टर लाव. जन्मात पहिल्यांदा मले तुझं पटलं. काहून, का दोष माझ्याकडून असणं शक्यच नव्हतं. मी डिझेल कॅनमधी आणून ठेवते अन् घरी दोन पदरी कापडातून गाळून मगच टाकीत टाकते. आपल्या मायनं पाणीसुद्धा गाळल्याशिवाय पिऊ दिलं नाही, त्या घरची मी. म्हणून तडक पंपावर गेली अन् दहाबारा गाड्या उभ्या असताना त्या मॅनेजरले जे काय बोलली ते बोलली. बिचाऱ्यानं काचेचं भांडं आणलं, डिझेल काढलं, मोजून दाखवलं का सारं बरोबर हाये. मी म्हटलं, भांडं कोणाचं? तुमचंच ना! (हे आठवलं का आता कान गरम होतात. पण ते पुढं.)

फिल्टर घ्यायले दुकानात गेलो तर दुकानदारानं स्टूल दिला बबनरावले, अन् समजावूनही त्यायलेच सांगे. गाडी माझी, लायसन माझं, अन् तो मान हलवणाऱ्याले समजावून राह्यला! बबनरावही काय मान हलवत होते, जसं काही फिल्टरच्या कारखान्यातच जन्मले. दुकानदारानं आधी लिंबाएवढं प्लास्टिकचं काहीतरी काढलं. ते मोटरसायकलचं हाये हे मले दिसून राह्यलं होतं. मग एक लोखंडी डबा काढला, चारी बाजूनं बंद. मी म्हटलं, आतली घाण दिसत नसंल तर मले काय कामाचं? शेवटी मीच फळीवरचा काचेच्या वाटीचा घेतला, खाली पाणी सोडायचा स्क्रू असलेला. काच अशासाठी का पंपावरची घाण साऱ्या गावाले दिसली पाह्यजे. हंसाबाईले दिसली पाह्यजे, पियुषले दिसली पाह्यजे, अन् त्या मॅनेजरले तर मी गाडी उभी करून दाखवणार होती.

आता बसवायचं प्रकरण. ते तू विसरला असशील, मी मेली तरी विसरणार नाही. बबनराव गाडीखाली लोळलेले, मी टॉर्च धरून उभी, अन् तू दोन तालुके पलीकडं बाभुळगावात, डोळ्यावर काळा चष्मा, स्पीकरवरून बसवणी करून राह्यला. फिल्टरवर एक बाण असते. डिझेल कोणीकडं जाते ते त्या बाणावरून समजते. मी विचारलं, बाण इंजिनाकडं का टाकीकडं? तू खाकरून म्हटलं, "टाकीकडं. टाकीतूनच तर डिझेल येते." बाप्पा बाप्पा! ज्याले समोरची वहिनी दिसत नव्हती त्याले माझ्या गाडीखालचा बाण दिसला! बबनरावनं तुझ्यावर भरोसा ठेवला, क्लिपा ढिल्या ठेवल्या अन् कानात डिझेल घेऊन बाहेर आले. गाडी बसस्टॉपपर्यंत गेली अन् गप्प. मग हायवेवरून संघदीप मिस्त्रीले बोलावलं. तो माणूस पाच मिनिटं गाडीखाली होता. बाहेर येऊन एवढंच विचारलं, "बाण कोणी सांगितला?" मी तुझं नाव सांगितलं नाही. घराण्याची लाज राखली. त्यानं फिल्टर उलटवला, सायलेन्सरपासून दूर सरकवला, क्लिपा आवळल्या, हातपंपानं पाईपातली हवा काढली. साऱ्या जिल्ह्यात कमी बोलणारा हा एकच माणूस असंल. जाता जाता म्हणे, "ताई, डिझेल कशातून गाळता?" मी म्हटलं, भाऊ, तुम्ही तुमचं काम करा.

बाजाराच्या दिवशी पुलाच्या अलीकडं, संघदीपच्या गॅरेजसमोर, गाडीनं पुन्हा आचका दिला. बंद पडायच्या आत मी बाजूले घेतली. माझी तर छाती फुगली, का आता दिसंल पंपाचं पाप! मीच हाका मारून बायाले खाली उतरवलं. नऊच्या नऊ बाया चाकाजवळ उकिडव्या बसल्या. काचेच्या वाटीत डिझेलमधी धागे तरंगत होते. राणी रंगाचे. हंसाबाईनं कमरेची चंची काढली, चंचीतून चष्मा काढला, चष्मा लावला, पाह्यलं, अन् म्हणे, "हे तर विमलनं दिलेलं लुगडं." ओळखणार नाही तर काय! दिवाळीत मीच ते लुगडं घेऊन साऱ्या गल्लीत फिरली होती, का पाहा, माझ्या वहिनीनं भाऊबीजेले काय बोहारणीचं लुगडं दिलं. संघदीपनं टाकीतली जाळी काढली तर तिच्यात मुठीएवढा बोळा, तोही राणी. त्यानं सारं साफ केलं. गाडी तो चढ अशी चढली का काय सांगू! पण गाडीतल्या बाया पदरात तोंड घालून हसून राह्यल्या होत्या. पंपावरून गेलो तेव्हा मी सरळ समोर पाह्यलं.

आता तूच सांग, यात माझी चूक काय? इमानदार लुगडं धागे सोडते काय? गाळायले घेतलं तर त्यानं गाळलं पाह्यजे, स्वतःच आत कायले जावं? लुगड्याच्या दुकानदारानं तुम्हाले फसवलं अन् तुम्ही मले. अन् जादा फिल्टर लाव हा तुझा सल्ला बरोबर निघाला म्हणून फुगू नको. तो अंधारात मारलेला दगड होता.

आईच्या फोटोले माझा नमस्कार सांग. भाचरांना आशीर्वाद. डोळ्याले जप, पाणी लागू देऊ नको.

तुझी बहीण,
बेबी

ता. क. पंपाच्या मॅनेजरची माफी मागायले मी बबनरावले पाठवलं होतं. ते तिथं चहा पिऊन आले. माफी मागितली का विचारलं तर म्हणे, विषयच निघाला नाही. आता मलेच जावं लागंल.

ता. क. मुद्द्याची गोष्ट लिहायची राह्यली. बाजारात पोहोचल्यावर हंसाबाई म्हणे, "गाडीचं समजलं. पण माझ्या भाचीच्या लुगड्याले तू गावभर नावं ठेवली, अन् त्याच लुगड्यातून डिझेल गाळलं. विमलनं स्वतः मले फोन करून सांगितलं का बेबीनं माफी मागितली, तरच आम्ही तुझ्या गाडीत. नाहीतर पियुष हाये." दादा, आठ दिवस हायेत. तू एवढं कर का वहिनीले मावशीले फोन करायले लाव, अन् "बेबीनं माफी मागितली" एवढंच बोलायले सांग. कायची माफी ते तिले बिलकुल सांगू नको. हे पत्र वाचून झालं का फाडून चुलीत टाक.

ता. क. फोन न करता पत्र काहून लिहिलं त्याचं खरं कारण हे, का तुझं ऑपरेशन झाल्यापासून तुझा फोन वहिनीच उचलते. तुले वाचायची मनाई हाये ना, म्हणून

अवं माय.

ता. क. वहिनी, नमस्कार. म्हणजे हे तुम्हीच वाचून राह्यल्या. दुसरं पत्र लिहिलं तरी मावशी सांगणारच, आता लपवून काय फायदा! लुगडं लय चांगलं होतं. भाऊबीजेच्या तिसऱ्याच दिवशी नेसून मिरवत गाडीत चढली, अन् पदर ग्रीसमधी गेला. तीनदा धुतला, डाग जाईना. रडली मी. एवढ्या हौसेनं तुम्ही घेतलेलं, तुम्हाले कोणत्या तोंडानं सांगू? म्हणून लुगड्यालेच नावं ठेवली, अन् डोळ्यासमोर नको म्हणून गाळायले घेतलं. लाज वाटते वहिनी, खरंच. माफ करा. अन् मावशीले बाजाराच्या आधी फोन करा. दादाले हे सगळं वाचून दाखवा, फक्त बाणाचा भाग दोनदा वाचा.