शिक्रा आणि ‘आत्ता’

रविवार, १९ जानेवारी

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही ठीक आहोत, तूही असशील असं धरून चालते. स्टुडिओ चालू आहे. पासपोर्टच्या फोटोत सुंदर दिसायची लोकांची हौस काही फिटत नाही. बाबांची खुर्ची मागच्या खिडकीशी हलवली आहे, तिथून त्यांना झाड दिसतं.

काल त्या झाडावर शिक्रा, तो छोटा शिकारी पक्षी, येऊन बसला. चिमण्या एकदम गप्प झाल्या म्हणून मी कॅमेरा घेऊन गेले, तर समोरच्याच फांदीवर हा. छातीवर तांबूस बारीक रेघा, पाय पिवळेधमक, डोळे लाल. त्याने सरळ लेन्समध्ये पाहिलं. जन्मभर चेहरे टिपतेय, पण माझ्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं. बरं दिसायची त्याला काही पडलेलीच नव्हती.

आणि मी सवयीने बोलून गेले, “हनुवटी जरा खाली.” शिक्र्याला. तू हसशील, पण त्याने खरंच मान खाली घातली.

तेवढ्यात मागून आवाज आला, “आत्ता.”

बटण दाबण्याआधीचा बाबांचा शब्द. तुला तो नवा नाही. मला मात्र रडू फुटलं, आणि का ते आता सांगायलाच हवं. तू फोन केलास की मी ‘झोपलेत’ म्हणते, तेव्हा ते जागे असतात. पक्षाघाताच्या त्या झटक्यात त्यांची वाचाच गेली. तू स्टुडिओ सोडलास तेव्हा ते म्हणाले होते, “मी बोलावल्याशिवाय इथे पाऊल टाकू नकोस.” तूही त्यांचाच मुलगा, हटून बसलास. आता ते बोलावणार कसे, हे तुला सांगायचा मला धीर झाला नाही.

मी गर्रकन वळले आणि बटण दाबलं गेलं. सोबतच्या फोटोत हललेली फांदी आहे आणि कडेला थोडी शेपटी. बाबा अजून तिकडेच बघत होते, लहान मुलासारखे, तोंड उघडं टाकून.

मी त्यांच्यापाशी बसले. विचारलं, “बाबा, दादाला कधी बोलावू?”

“आत्ता.”

डॉक्टर म्हणतात, एखादा शब्द असा सुटा परत येतो, त्याचा फार अर्थ लावू नका. मी लावला.

दिवसभर मी लोकांना ‘हलू नका’ सांगत असते. तू मात्र हल. बोलावणं आलं आहे.

तुझी,
भुणभुण