वधूची हस्तकला

४ नोव्हेंबर

राजहंस विणायला घेतला होता. बदक झालं. तेही जांभळं! रंगूबाईनं चष्मा लावून निरखलं आणि म्हणाली, "अवं, कोंबडी झ्याक जमलीय." पन्नास वर्षं या बाईबरोबर संसार केला. सरकार कशाकशाला पदकं देतं, याला का देत नाही?

कारखान्यात जन्मभर फिटर होतो. रिटायर झाल्यावर लोक देवाच्या नादी लागतात, मी क्रोशाच्या लागलो. गुरू म्हणजे मोबाईल. लोकर रंगूबाईच्या जुन्या स्वेटरांतली उरलेली, पोतंभर. त्यात पांढरी चिमूटभर आणि जांभळी उदंड. आता हंसानं रंग निवडायचा म्हटलं तरी कुठून निवडणार?

हे सगळं नातीसाठी. प्रगतीचं लग्न ठरलंय, इंदापूरला. रुखवतात मुलीच्या हातचं काम मांडायची रीत. आमची प्रगती बारामतीत दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. तिला साखळी-टाका घाल म्हटलं तर ती दाराला साखळी घालून येईल. मग नवरीचे हात कोण? मी! मिशीसकट.

७ नोव्हेंबर

फळीला खिळे ठोकून छोटा माग केला. ताटाखाली ठेवायला चौकोनी आसनं विणली. निघाली शंकरपाळी. असू दे. रुखवतात शंकरपाळीही लागतातच की!

११ नोव्हेंबर

रामहरी, म्हणजे माझा मुलगा, प्रगतीचा बाप, दारातून ओरडला, "आबा, शेजारचं तात्या आल्यात. ते खाली ठेवा." मी सुई-लोकर उशीखाली सारली. तात्या अर्धा तास उसाच्या तोडीवर बोलत बसले आणि उठताना म्हणाले, "उशीतनं जांभळी शेपटी कसली आलीय हो?" मांजर म्हणालो. आमच्या जळोचीत जांभळं मांजर आजवर कुणी पाहिलं नव्हतं. आता सगळ्या गावाला ऐकून तरी माहीत झालं असेल.

१५ नोव्हेंबर

तोरण मात्र झक्कास जमलं. लटकती फुलं, मध्ये मोती. रामहरीनं फोटो इंदापूरला पाठवला, वर लिहिलं, "आमच्या प्रगतीच्या हातचं." लगोलग नवऱ्या मुलाच्या आईचा, राजलक्ष्मीबाईंचा, फोन. "पोरगी गुणाची हाय बगा!" मी आतल्या खोलीत मिशीला पीळ भरला.

प्रगती ड्यूटीवरून आली. फोटो बघून म्हणाली, "आबा, या आठवड्यात माझा हात लई सुधारला की!" हसून हसून दोघांच्या डोळ्यांत पाणी. रंगूबाई तेवढी हसली नाही. "खोट्याला पाय नसत्यात म्हणं. तुमी तर त्याला झालर लावली."

१९ नोव्हेंबर

राजलक्ष्मीबाई साड्या बघायला आल्या. साड्या राहिल्या बाजूला, तोरणच हातात घेऊन बसल्या. मग चहाचा घोट घेत सहज बोलल्यासारखं बोलल्या, "एवढी कला हातात असताना लोकाचं रक्त कशाला तपासायचं? लग्न झाल्यावर नोकरी बंद. घरात बसून विणंल की!"

रामहरी म्हणाला, "व्हय, व्हय." नवऱ्या मुलाच्या आधी बापच तयार!

सुपारी फुटली तेव्हा चारचौघांत ठरलं होतं — प्रगतीची नोकरी चालू राहील, ती इंदापूरहून एसटीनं ये-जा करील. मुलीनं होकार दिला तो त्याच अटीवर. आज ती तिथंच बसली होती. तिनं चहा निवू दिला.

मी केलेलं तोरण मुलीच्या पोटावर पाय द्यायला उभं राहिलं. स्वतःलाच म्हणालो, शाबास, कुंडलिकराव!

२१ नोव्हेंबर

सुईला हात लावला नाही.

"का वो, हंसानं अंडं घालायचं बंद केलं काय?" रंगूबाई. मग हळूच, "तुमी गुतवलंसा. आता तुमीच सोडवा."

२८ नोव्हेंबर

इंदापूरला जाऊन आलो. एसटीत मनात शंभरदा घोकलं. तिथं गेल्यावर सगळं विसरलो. मग खिशातून सुई काढली, लोकर काढली आणि राजलक्ष्मीबाई आणि नवरा मुलगा शंभूराज यांच्यादेखत एक फूल विणून टीपॉयवर ठेवलं.

"ही तुमची वधूची हस्तकला. हात माझे. पोरीला यातलं काही येत नाही. तिला विणायला बसवू नका, तिची नोकरी राहू द्या."

वाटलं, आता भांडं वाजणार. बाई खळखळून हसल्या. "आबा, ते आमाला कवाच म्हाईत हाय! फोटू आला त्याच रातीला पोरीनं फोन करून सांगितलं. लई हसलो आमी."

"मग नोकरीचं?"

"ती न्हायच करायची. आमच्या घरात सुना बाहीर जात न्हाईत. सरळ बोललं की वाईट दिसतंय, तोरणाचं निमित्त बरं पडलं."

"पण सुपारीत कबूल केलं होतं."

"तवा बोलावं लागतंय हो, आबा. पोहं घ्या."

मी शंभूराजकडं बघितलं. होणाऱ्या नातजावयाचं मत विचारलं. तो मोबाईलमधून वर न बघता म्हणाला, "आई म्हणती तसं."

म्हणजे माझ्या तोरणाला मी उगाच भाव देत होतो. खुंटी आधीच ठोकलेली होती. मी फक्त अडकवायला वस्तू दिली.

पोहे खाल्ले नाहीत. चांगले दिसत होते, तरी.

२९ नोव्हेंबर

घरात सगळ्यांसमोर जसंच्या तसं सांगितलं. रामहरी डोक्याला हात लावून बसला. "पत्रिका वाटून झाल्या, आबा. मांडव सांगितलाय. होईल हळूहळू समदं नीट." हळूहळू नीट होतं ते गळू. तेही आधी फुटावं लागतं.

प्रगतीनं एवढंच विचारलं, "आबा, शंभूराज काय म्हणला?"

सांगितलं.

"एवढंच?"

"एवढंच."

ती उठून आत गेली. पाठोपाठ रंगूबाई गेली. दार लावून घेतलं दोघींनी.

१ डिसेंबर

रामहरीनं रुखवतासाठी थर्माकोलची सोनेरी अक्षरं आणली — वधूची हस्तकला. म्हणाला, "आबा, तुमचा हात चांगला हाय, चिकटवून द्या." मी म्हणालो, माझा हात आजपासून वाईट.

रंगूबाईचा दोन दिवस एकही टोमणा नाही. तिला बरं नाही की काय, अशी शंका येऊन कपाळाला हात लावून बघितलं. "सरा तिकडं," म्हणाली. ताप नव्हता.

३ डिसेंबर

आज हळद. मुहूर्त दहाचा. अंगणात पाहुणे, जात्याजवळ बायका, हळकुंडं मांडलेली.

प्रगती नऊला, हळदीला न थांबता, पांढरा कोट घेऊन ड्यूटीवर गेली.

डबा रंगूबाईनं भरून दिला.